जपानी-इंग्रजी शाळेचं वार्तापत्र, मात्सुरीचा स्टॉल आणि जपानी न येणारे आईबाबा

प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये राहणारं मराठी कुटुंब. मुलगी येत्या जानेवारीत जपानी-इंग्रजी द्विभाषिक प्राथमिक शाळेत प्रेपला, म्हणजे इथल्या प्राथमिकच्या पहिल्या वर्षाला, जाणार. घरी मराठी, बाहेर इंग्रजी, जपानीचा गंध दोघांनाही नाही. शाळेची दोन भाषांतली वार्तापत्रं आत्ताच यायला लागली आहेत आणि त्यांत मात्सुरी (जत्रा), उंदोकाई (मैदानी दिवस), बेंतो (डबा), मदतनीस हवेत असं बरंच काही आहे. यातलं काय करायलाच हवं, काय सोडलं तर चालतं, आणि तीन भाषांचं ओझं नको म्हणून घरी मराठी बंद करावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, बंद करू नका. कारण पुढे येईलच. बाकीच्या उत्तराचा गाभा एवढाच की अशा शाळेत वर्गाबाहेरचं जे चालतं, म्हणजे सण, डबा, स्टॉल, दोन भाषांतल्या सूचना, ती शोभा नसते. जपानी भाषा फक्त फळ्यावर राहिली तर मुलं तिला एक विषय समजतात आणि तिसरी-चौथीत कंटाळतात. ज्या भाषेत भात वळला जातो, रांग लावली जाते, पाऊस आला म्हणून कार्यक्रम पुढे जातो, ती भाषा मुलं खरी मानतात. आणि हे उभं करायला जपानी येणारे पालक कधीच पुरेसे नसतात, त्यामुळे तुमची गरज तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘जपानी शाळा’ म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक, जपानचा अभ्यासक्रम जपानीतच शिकवणारी पूर्णवेळ शाळा. बदलीवर आलेल्या जपानी कुटुंबांसाठी अशा शाळा जगभर आहेत, मेलबर्नला आहे, मुंबईतही आहे. दुसरी, शनिवारची पूरक शाळा. तिसरी तुमची: स्थानिक सरकारी शाळा, व्हिक्टोरिया राज्याचाच अभ्यासक्रम, पण त्यातले काही विषय जपानीतून. ओकली साउथमधली हंटिंगडेल प्रायमरी हे त्याचं मेलबर्नमधलं परिचित उदाहरण. इथे घरी जपानी येत असण्याची अट नसते. वर्गात घरी जपानी न बोलणारी मुलं भरपूर असतात आणि शिक्षक त्या हिशेबानेच शिकवतात. त्यामुळे ‘आमची एकटीच मागे पडेल’ ही धास्ती पहिल्यांदा काढून टाका. प्रवेशाचं इथे लांबवत नाही: मूल 30 एप्रिलपर्यंत 5 वर्षांचं झालेलं हवं, आणि सरकारी शाळा म्हणून तुमचं घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते आधी बघा.

आता वार्तापत्र. बहुतेक पालक इंग्रजी भाग वाचतात आणि जपानी भाग सजावट समजून सोडून देतात. इथेच चूक होते. दोन्ही भाग अनेकदा एकमेकांचं शब्दशः भाषांतर नसतात. जपानी भागात वर्गशिक्षकाने लिहिलेलं ‘काय आणायचं’ अधिक तपशिलात असतं, तर इंग्रजी भागात शुल्क, परवानगी आणि नियम असतात. म्हणून जपानी मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून बघायची सवय लावा. पण त्या भाषांतरावर जसंच्या तसं विसंबू नका, कारण जपानी सूचना नम्रतेत गुंडाळलेली असते आणि यंत्र कागद उलगडून आतली वस्तू दाखवत नाही.

काही नमुने पाठच करून ठेवा. ‘गो-क्योर्योकु ओ ओनेगाई इताशिमासु’ याचं भाषांतर ‘आपल्या सहकार्याची विनंती’ असं येतं. अर्थ आहे, हे करायचं आहे. ‘गो-एन्र्यो कुदासाई’ याचं भाषांतर ‘कृपया संकोच करावा’ असं काहीतरी विचित्र येतं. अर्थ आहे, करू नका, मनाई आहे. ‘तासुकारिमासु’, म्हणजे ‘तसं झालं तर मदत होईल’, हे ऐच्छिक वाटतं. प्रत्यक्षात कुणीतरी करावं अशी स्पष्ट मागणी असते. ‘केन्तो शिमासु’, ‘विचार करू’, हे बऱ्याचदा नकाराचं सभ्य रूप. आपल्याकडे ‘बघू या’ म्हणतात तेव्हा जे समजायचं असतं तेच. ‘जियू सांका’ मात्र खरोखरच ऐच्छिक. तिथे गेला नाहीत तर कुणी मनात धरत नाही. ‘गेन्सोकु’ हा शब्द दिसला, म्हणजे ‘तत्त्वतः’, तर नियम पक्का आहे असं धरा आणि तुम्हाला अपवाद हवा असेल तर आधी विचारा.

पावसाचे शब्द वेगळे शिका, कारण मेलबर्नचं आभाळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ‘उतेन केक्को’: पाऊस आला तरी होणार. ‘कोसामे केक्को’: भुरभुर असेल तर होणार, मोठा आला तर नाही. ‘उतेन चूशी’: पाऊस आला तर रद्द. ‘उतेन जुनएन’: पाऊस आला तर पुढच्या ठरलेल्या दिवशी. यंत्र या सगळ्यांत ‘पाऊस’ बरोबर पकडतं, पण शेवटचा शब्द कधी कधी उलटा लावतं. आणि सहलीच्या कागदावर ‘गेन्ची शूगो, गेन्ची काइसान’ दिसलं तर थांबून वाचा: जमणं तिथेच, सुटणंही तिथेच. म्हणजे बस शाळेतून निघणार नाही. मुलाला त्या ठिकाणी तुम्हीच सोडायचं आणि तिथूनच घ्यायचं. हे नजरेतून निसटलं की मूल शाळेच्या फाटकाशी उभं आणि वर्ग प्राणिसंग्रहालयात.

याशिवाय प्रत्येक कागदावर तीन जागा शोधा: ‘मोचिमोनो’ (सोबत आणायच्या वस्तू), ‘शिमेकिरी’ (शेवटची तारीख) आणि वार. वारांसाठी तर मराठी माणसाला पाठांतराची गरजच नाही. जपानी वार ग्रहांवरच आहेत: गेत्सु म्हणजे चंद्र, सोमवार. का म्हणजे अग्नी, आणि मंगळाला जपानीत अग्नितारा म्हणतात, म्हणून मंगळवार. सुई म्हणजे पाणी, जलतारा म्हणजे बुध. मोकु लाकूड, गुरू. किन धातू, शुक्र. दो माती, शनी. निची सूर्य, रविवार. क्रमही आपलाच. तारखेपुढे कंसात एकच चित्राक्षर असतं, ते या सातांपैकी एक. सात चिन्हं फ्रिजवर चिकटवा, आठवड्याभरात कागद वाचता येऊ लागेल.

वर्षाचं चक्र समजून घेणं पुढचं. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, व्हिक्टोरियात जानेवारीच्या शेवटी. शिवाय ऋतू उलटे. त्यामुळे सण जपानी तारखेला आणि हवामान भलतंच, असा खेळ वर्षभर चालतो. सेत्सुबुन, म्हणजे राक्षसावर दाणे फेकून हाकलण्याचा दिवस, 3 फेब्रुवारीच्या सुमारास येतो, म्हणजे नेमका प्रेपच्या पहिल्या दिवसांत. तिथे भाजलेले सोयाबीन फेकतात आणि वयाइतके खातात. पण कडक दाणे श्वासनलिकेत अडकतात म्हणून 5 वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना ते देऊ नयेत असा इशारा जपानची ग्राहक संरक्षण यंत्रणाच देते. प्रेपमध्ये म्हणूनच कागदाचे बोळे वापरणं शहाणपणाचं. घरी हौसेने दाणे आणलेत तर हे लक्षात ठेवा. 3 मार्चचा बाहुल्यांचा सण जपानात वसंताची चाहूल असतो, इथे शरद सुरू झालेला असतो. 5 मे च्या कागदी माशांना (कोइनोबोरी) इथे थंडीचा वारा मिळतो, पण उडतात झकास. 7 जुलैचा तानाबाता, बांबूला इच्छांच्या चिठ्ठ्या बांधायचा सण, नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्ममधल्या सुट्टीत सापडतो. म्हणून वर्ग तो जूनच्या शेवटी किंवा सुट्टीनंतर करतात. ‘आज 7 जुलै, शाळेत काहीच कसं नाही?’ असा फोन करण्याआधी कॅलेंडर बघा. आणि जपानी नववर्ष तर भर उन्हाळ्याच्या सुट्टीत जातं.

उंदोकाई हा मैदानी दिवस. मुलं लाल आणि पांढऱ्या अशा दोनच गटांत विभागली जातात, त्याप्रमाणे टोपी किंवा पट्टी. दोरीखेच, रिले, आणि तामाइरे, म्हणजे उंच काठीवरच्या टोपलीत कापडी चेंडू टाकणं. पालकांना यात दोन कामं येतात: रांगा लावणं आणि चेंडू मोजणं. मोजणी मोठ्याने, एकेक चेंडू हवेत उडवत, सगळ्या मुलांनी ओरडून करायची असते: इची, नी, सान... संख्या शिकवायला यापेक्षा चांगला तास नाही, त्यामुळे घाई करून चेंडू टोपलीत ओतून ‘तेवीस’ असं जाहीर करू नका. नेमकं तेच घडतं, कारण मागच्या कार्यक्रमाला उशीर झालेला असतो. वेळापत्रकात मोजणीला वेगळी 5 मिनिटं लिहून ठेवली की हा प्रश्न सुटतो. टोपी मात्र बारीक कडेची चालणार नाही. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेर इथल्या शाळांत रुंद कडेची टोपी लागते, म्हणून लाल-पांढरा रंग टोपीऐवजी दंडाच्या फितीवर आणणं सोपं.

आता डबा, आणि मराठी घरांसाठी इथेच खरी अडचण. बेंतो म्हणजे डबाच. शाळेत गरम करायची सोय गृहीत धरू नका, खायला वेळ साधारण दहा-पंधरा मिनिटं, आणि झाकण मुलाला स्वतः उघडता आलं पाहिजे. पोळीभाजी चालते, जपानी पदार्थच हवा असा हट्ट कुणी धरत नाही. भाजी कोरडी, पोळीची गुंडाळी, हाताने तीन-चार घासांत संपेल अशी. रस्सा नको, भिजलेला डबा दप्तरभर फिरतो. जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ आणि नंतर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. आपल्याकडे पानावर बसल्यावर हात जोडून म्हणायच्या श्लोकाच्या जागी ते असतं. घरीही म्हणू द्या, बिघडत काही नाही.

शाकाहारी असाल तर मात्र नीट वाचा. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नाही, पण पाण्यात असतो. ‘दाशी’ नावाचा जो मूळ अर्क असतो तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा. मिसो सूप, उदोन या जाड शेवयांचं पाणी, ऑम्लेटची वळी, बऱ्याच सॉसमध्ये तो येतो. भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेमध्ये, काही उमेबोशीमध्ये (खारवलेली आंबट फळं), भाताच्या खारट बिस्किटांमध्येही मासा सापडतो. गोळ्या आणि जेलींत जिलेटिन असतं. ‘भाजीचं आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येईल, कारण विचारलेलं मांसाबद्दल आहे असा समज होतो. प्रश्न असा विचारा: दाशी कशाची आहे? कोंबु (समुद्री वनस्पती) किंवा वाळवलेल्या शिताके मशरूमची असेल तर बिनधास्त. कान्तेन म्हणजे समुद्री शेवाळाचं आगर, तेही चालतं. दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) आणि साधे मोची (कांडलेल्या चिकट भाताचे गोळे) तांदूळ-साखरेचेच, पण मोची चिवट असतो. लहानांना तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान करूनच द्या आणि खाताना धावू देऊ नका. शाळेच्या फॉर्मवर आहाराच्या रकान्यात नुसतं ‘शाकाहारी’ न लिहिता ‘मांस, मासे, माशाचा अर्क, जिलेटिन नको, अंडं चालतं’ (किंवा नाही) असं लिहा. शिक्षक जपानी असोत की ऑस्ट्रेलियन, दोघांनाही ते एकदाच समजतं.

मात्सुरी म्हणजे जत्रा. शाळेची सगळ्यात मोठी सार्वजनिक घटना, आणि निधीही त्यातूनच उभा राहतो. नवीन पालकांनी पहिल्या वर्षी तिकीट-खिडकी घेऊ नये. पैसे, गर्दी आणि दोन भाषा एकत्र येतात, डोकं जातं. भाताचा स्टॉल घ्या. त्यासाठी जपानी लागत नाही आणि तासाभरात शिकता येतो.

ओनिगिरी, म्हणजे भाताचे वळलेले त्रिकोण, यांचा हिशेब असा. एक ‘गो’ म्हणजे 180 मिलिलिटरचं माप, त्यात सुमारे 150 ग्रॅम कोरडा तांदूळ. शिजून साधारण 330 ते 350 ग्रॅम होतो, म्हणजे 110 ग्रॅमच्या तीन ओनिगिरी. 100 नग हवेत तर 33-34 गो, म्हणजे 5 किलो तांदूळ. मुलांसाठी 80 ग्रॅमचे केले तर तेवढ्यातच 140 होतात आणि अर्धवट खाऊन टाकलेले कमी दिसतात. मुलांसाठी हेच माप घ्यावं. तांदूळ आखूड जपानी जातीचाच. बासमती किंवा कोलम वळत नाही. आपला इंद्रायणी चिकट असतो खरा, पण गार झाल्यावर सुटतो. चार-पाच पाण्यांत धुवा, उन्हाळ्यात अर्धा तास आणि थंडीत तासभर भिजवा, पाणी तांदळाच्या मापाच्या 1.1 ते 1.2 पट. शिजल्यावर 10 मिनिटं झाकण न उघडता ठेवा, मग खालून वर हलक्या हाताने मोकळा करा. या 10 मिनिटांची चोरी झाली की भात वर ओला, मध्ये टणक.

बिघडतं ते बहुतेक विजेवर. घरगुती मोठा कुकर 10 गो, म्हणजे दीड किलो घेतो; 5 किलोला चार कुकर किंवा दोन कुकरच्या दोन फेऱ्या. असा एकेक कुकर 1200-1400 वॅट ओढतो. इथल्या साध्या एक्स्टेंशन बोर्डाची मर्यादा 10 अँपिअर, म्हणजे साधारण 2300 वॅट. एका बोर्डावर दोन कुकर लावले की बोर्ड बंद पडतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि चाळीस मिनिटांनी कोमट पाण्यात भिजलेला तांदूळ मिळतो. एका सॉकेटला एकच कुकर, आणि कुठले सॉकेट एकाच सर्किटवर आहेत हे आदल्या दिवशी शाळेच्या देखभालीच्या माणसाला विचारून खुणेची चिकटपट्टी लावा.

दुसरा धोका भात ठेवण्याचा. सुशीच्या भातात व्हिनेगर असतं, ओनिगिरीच्या भातात नसतं. म्हणून तो जास्त नाजूक. शिजलेल्या भातात तग धरून राहणारे जंतू कोमट तापमानात झपाट्याने वाढतात, आणि उघड्या हाताने वळलं तर त्वचेवरचे जंतूही भर घालतात. हातमोजे घाला, किंवा भाताचा गोळा प्लास्टिक फिल्ममध्ये ठेवून वळा. हातांवर जखम असलेल्या माणसाला वळायला बसवू नका, हिशेबाला बसवा. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. ऑस्ट्रेलियात दोन-चार तासांचा नियम वापरतात: या पट्ट्यात एकूण 2 तासांपर्यंत असेल तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतं, 2 ते 4 तास झाले तर लगेच खायचं, 4 तासांवर गेलं की फेकायचं. प्रत्येक ट्रेवर वळून झाल्याची वेळ लिहा. ‘दिसतोय चांगला’ हा निकष नाही. शिवाय अन्नाचा तात्पुरता स्टॉल लावायचा तर स्थानिक कौन्सिलकडे आधी नोंद करावी लागते. ते काम शाळेच्या समितीचं, पण झालंय का एवढं विचारायला हरकत नाही.

सारणात मुलांमध्ये सर्वाधिक खपतो तो ट्यूना-मेयो. शाकाहारी ट्रे वेगळा, चमचे वेगळे, आणि पाटीवर दोन्ही भाषांत काय आहे ते: गहू (सोया सॉसमध्ये असतो), सोया, तीळ, अंडं, मासा. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, कागद विकताना गुंडाळा. आधी गुंडाळला तर ओला होऊन दाताला चिकटतो. मीठ हाताला लावून वळायची पद्धत आहे. हातमोज्यांवर ते नीट पसरत नाही, म्हणून 10 नगांना एक सपाट चहाचा चमचा मीठ भात गरम असतानाच मिसळून टाका.

कुठे मोची कांडायचा कार्यक्रम असेल तर मराठी पालकांनी पुढे व्हावं. ‘उसु’ म्हणजे उखळ, ‘किने’ म्हणजे मुसळ किंवा मोठा लाकडी हातोडा. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून, वाफवून, आधी मुसळाने रेटून एकजीव करतात आणि मगच घाव घालतात. सुरुवातीलाच जोरात मारलं तर दाणे उडतात. उखळ आधी गरम पाण्याने भरून तापवून ठेवायला लागतं, नाहीतर भात गार पडून गाठी होतात. घावांमध्ये हात घालून पीठ उलटणारा माणूस अनुभवीच हवा आणि तालाची हाक त्यानेच द्यायची. मुलांना हलकं मुसळ द्या आणि त्यांनी कांडलेलं न वाटता वेगळं केलेलं वाटा; इतक्या हातांतून गेलेला मोची खाऊ नये.

मदतनीस व्हायचं तर कागदपत्रं आत्ताच करा. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांसाठी मुलांसोबत काम करण्याची तपासणी मोफत होते आणि 5 वर्षं चालते. बहुतेक शाळा ती मागतात. कार्ड येईपर्यंत वर्गात वाचनाला बसता येत नाही, म्हणून टर्म सुरू झाल्यावर अर्ज केला तर बराच काळ नुसतं बाहेर उभं राहावं लागतं.

एक अवघड भाग: पालकांचे दोन समांतर गट. जपानी पालक लाइन ॲपवर, बाकीचे व्हॉट्सॲपवर, आणि शाळा तिसऱ्याच ॲपवर. निर्णय लाइनवर होतो, इतरांना तो मात्सुरीच्या आदल्या दिवशी कळतो, आणि ‘आम्हाला कुणी विचारत नाही’ अशी कुरबुर सुरू होते. यात दुष्टपणा नसतो; लिहायला सोपी भाषा जो तो निवडतो. उपाय साधा आहे: प्रत्येक वर्गात दोन प्रतिनिधी, एक जपानी वाचणारा आणि एक न वाचणारा, ठरलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख, जागा, वस्तू, पैसे आणि जबाबदार व्यक्ती एवढी एकच ओळ त्याच दिवशी दुसऱ्या गटात. लांब भाषांतराची वाट बघत बसलं तर ते कधीच होत नाही. न वाचणारा प्रतिनिधी तुम्ही व्हा. ज्याला काही कळत नाही असा माणूस नेमके प्रश्न विचारतो, आणि जपानी पालकांपैकी ज्यांना इंग्रजीचा संकोच असतो ते अशा माणसाशी आधी बोलू लागतात. नावांचं दडपण घेऊ नका: तिथे पालकाला मुलाच्या नावाने ओळखतात, ‘अमकी-चान नो मामा’. आपल्याकडे ‘अमकीची आई’ म्हणतात तसंच. शिक्षकांना मात्र नेहमी ‘सेन्सेई’, नावानंतर लावून.

वार्तापत्रासाठी लिहायला सांगितलं तर: मजकूर सोमवारी, भाषांतर मंगळवारी, तपासणी बुधवारी, प्रसिद्धी गुरुवारी, असा चार दिवसांचा वेळ मागा. भाषांतर झाल्यावर मूळ मजकूर बदलू नका. वार्तापत्रातल्या बहुतेक चुका याच सवयीच्या, इंग्रजीत वेळ बदलली आणि जपानीत जुनीच राहिली. वेळ आणि तारीख दोन्ही भागांत अंकांत लिहा. मुलांची फक्त पहिली नावं, आणि फोटो परवानगीच्या यादीशी ताडून. दोन स्तंभांची पीडीएफ फोनवर कुणी वाचत नाही.

आता मराठी. घरी ती सोडली तर मुलीला जपानी लवकर येईल, असं होत नाही. उलट तिच्या हातातलं एक हत्यार जातं. जपानी वाक्याचा क्रम मराठीचा आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. ‘मी आंबा खाते’ याला ‘वाताशी वा मांगो ओ ताबेमासु’, जागच्या जागी. नामाला मागून लागणारे शब्दही आपल्या प्रत्ययांसारखे: ‘शाळेपासून’ म्हणजे ‘गाक्को कारा’, ‘शाळेपर्यंत’ म्हणजे ‘गाक्को मादे’. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला हे उलटं करून घ्यावं लागतं, मराठी बोलणाऱ्याला नाही. अक्षरांचंही तसंच. जपानी अक्षरमालेचा क्रम अ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा, असा का आहे? कारण तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. ‘सा’ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि ‘हा’ची ओळ प-वर्गाच्या, कारण तिचा उच्चार पूर्वी ‘प’ होता. हिरागाना या मूळ जपानी लिपीची 46 अक्षरं बाराखडीच्या तालावर म्हणून बघा, तिच्या वर्गमित्रांच्या आधी तुम्हालाच पाठ होतील.

पाढेही. जपानी ‘कुकु’ 9 नव्वे 81 पर्यंतच असतात, पण म्हणायची ढब तीच: ‘बे एके बे, बे दुणे चार’ तसं ‘नि इची गा नि, नि निन गा शी’. दोन्ही म्हणू द्या. मोजणीत तर जपानी सोपी: अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकोणीस म्हणजे ‘दहा-नऊ’. मराठीतल्या एकोणसाठ-एकोणसत्तरशी झगडणाऱ्या मुलीला तो विसावा वाटेल.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. पहिल्या वर्षात समजणं खूप आणि बोलणं फार थोडं असतं. ‘काहीतरी जपानी बोलून दाखव’ असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. जपानमधल्या मुलांना सहा वर्षांत 1026 चित्राक्षरं शिकायची असतात, पहिलीत 80. तुमच्या शाळेचं लक्ष्य त्याहून कमी असणार, आणि इंटरनेटवरच्या जपानी पहिलीच्या वहीशी तुलना करून रडारड करण्यात अर्थ नाही. गृहपाठात ‘ओनदोकु’ आलं, म्हणजे मोठ्याने वाचन, तर तुम्हाला समजायची गरज नाही. ऐका आणि सही करा. वहीवरच्या खुणा मात्र ओळखा: जपानी पद्धतीत गोल म्हणजे बरोबर, आणि आपण ज्याला ‘बरोबर’ची टिक समजतो ती चूक दाखवते. त्रिकोण म्हणजे थोडं राहिलं. फुलासारखा गोल, हानामारू, म्हणजे शाबासकी. वहीभर टिका बघून पेढे वाटायच्या आधी शिक्षकांची पद्धत कुठली ते विचारा; इथे काही जण दोन्ही वापरतात.

शेवटचं, आणि हे डिसेंबरआधी करा: मुलीचं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते तुम्हीच ठरवून शाळेला कळवा. चपलांच्या कप्प्यावर, टोपीवर, वहीवर, वाढदिवसाच्या फलकावर सगळीकडे तेच छापलं जातं आणि सात वर्षं टिकतं. जपानीत ल आणि ळ दोन्ही ‘र’ होतात, थ चा त किंवा स होतो, आणि ‘न’ सोडला तर शेवटचं व्यंजन स्वराशिवाय उभं राहत नाही, त्यामुळे ओंकारचा ‘ओमुकारु’ होतो. ‘मैथिली’ला ‘माइतिरी’ हवं की ‘माइशिरी’, हे शाळेच्या लेखनिकावर सोडलं तर तो इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवेल. नाव मोबाइलवर सावकाश उच्चारून रेकॉर्ड करा, फॉर्मसोबत पाठवा, आणि आलेलं काताकाना कुणा जपानी पालकाकडून मोठ्याने वाचून घ्या. ते ऐकून मुलगी वळून बघते का, एवढीच कसोटी.